राणी छाप रुपया खरा की खोटा? घरच्या घरी पारख कशी करायची

आजी गेल्यावर तिच्या लोखंडी पेटीत तळाशी एक पुरचुंडी सापडली. तिच्यात चौदा रुपये होते, सगळे काळवंडलेले. सराफाकडे नेले तर त्याने तीन बाजूला काढले आणि म्हणाला, "ताई, ही खोटी. मोडीत घालायची तर बघा." मी घालणारच होते. त्याच महिन्यात एका आठवडी बाजारात हौसेने एक रुपया विकत घेतला. तो वजनाला चोख, वाजवला तर खणखणीत.

पुढे वर्षभर वाचून, विचारून, मोजून कळलं ते असं. सराफाने काढलेली तिन्ही नाणी अस्सल होती आणि मी बाजारातून आणलेलं नाणं खोटं होतं, जरी त्यातली चांदी शंभर नंबरी खरी होती. नव्या माणसाचा घोटाळा नेमका इथेच होतो. चांदी खरी असणं ही एक गोष्ट आणि नाणं खरं असणं ही दुसरी. सराफ पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, दुसऱ्याचं आपल्याला शोधावं लागतं.

हा लेख इंग्रजी अमदानीतल्या यंत्रावर पाडलेल्या रुपयांबद्दल आहे, म्हणजे १८३५ ते १९४५ चे. आपल्याकडे घरोघरी सापडतात ते हेच. कुणी त्यांना राणी छाप म्हणतं, कुणी कलदार, कुणी बंदा रुपया. पेशवाईतला अंकुशी रुपया किंवा त्याआधीची हाताने ठोकलेली नाणी या रीतीने तपासता येत नाहीत. त्यांचा साचा नाण्याहून मोठा असायचा, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर अक्षरांचा वेगळा तुकडा उमटतो. ती जाणकारालाच दाखवा.

## काय काय जवळ हवं

- ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम मोजणारा उपयोगाचा नाही.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग, घड्याळजी डोळ्याला लावतात तसं.
- व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर. प्लॅस्टिकचा असला तरी चालतो.
- निओडिमियमचा लहान, जोरदार चुंबक.
- काचेचा पेला, पाणी, शिवणाचा बारीक दोरा.
- आणि सगळ्यात महत्त्वाचं, खात्रीचा एक साधा रुपया. पाचव्या जॉर्जचे १९१६ ते १९२० चे रुपये भरपूर निघाले होते, त्यामुळे ते चांदीच्या भावाच्या आसपास मिळतात. ओळखीच्या, पावती देणाऱ्या विक्रेत्याकडून एक घेऊन ठेवा. पुढची निम्मी तपासणी म्हणजे या नाण्याशी तुलना.

## १. आधी हात आवरा

नाणं हातात आलं की आपल्या बायकांचा पहिला विचार चिंचेचा. चिंच, लिंबू, राख, रांगोळी, टूथपेस्ट यातलं काहीही नाण्याला लावू नका. वरचा काळपट थर पन्नास-शंभर वर्षांत हळूहळू चढलेला असतो आणि तोच एक पुरावा असतो. खोट्या नाण्यावर रसायनाने चढवलेला काळेपणा सगळीकडे सारखा, काजळी फासल्यासारखा दिसतो. अस्सल नाण्यावर तो अक्षरांच्या कोपऱ्यांत दाट आणि उंच भागावर विरळ असतो. घासलं की हा फरक पुसला जातो आणि संग्राहकाच्या लेखी नाण्याची किंमतही पडते. फारच माती असेल तर साध्या पाण्यात भिजवा आणि मऊ कापडाने टिपून घ्या. टिपायचं, पुसायचं नाही.

कानशीने घासून बघणं, ॲसिडचा थेंब टाकणं हेही नको. सराफ विचारेल, "कड जरा घासून बघू का?" नाही म्हणा.

## २. सन आणि राजा जुळतात का?

या पायरीला पैसा लागत नाही आणि निम्मी बनावट नाणी इथेच उघडी पडतात. खोटं नाणं करणाऱ्यांना इतिहास माहीत नसतो.

ईस्ट इंडिया कंपनीने सगळ्या मुलखात एकसारखा रुपया चालू केला तो १८३५ मध्ये, चौथ्या विल्यमच्या मुखवट्याचा. नंतर व्हिक्टोरियाचा १८४० चा. कंपनीच्या चलनी रुपयावर हे दोनच सन असतात. १८५७ नंतर कंपनीचं राज्य गेलं आणि १८६२ पासून मागच्या बाजूला फक्त "वन रुपी इंडिया" आणि सन येऊ लागला, भोवती वेलबुट्टी.

पुढे एक गंमत आहे. १८६३ ते १८७३ पर्यंत टांकसाळींनी रुपयावरचा १८६२ हा सन बदललाच नाही. मुंबईच्या टांकसाळीत बारीक ठिपक्यांनी वर्ष दाखवायचे. खरा सन पुन्हा आला तो १८७४ पासून. त्यामुळे कुणी तुम्हाला १८६५ चा राणी छाप रुपया दाखवला तर भिंग काढायचीही गरज नाही.

राणी "सम्राज्ञी" झाली ती १८७७ च्या दिल्ली दरबारात. म्हणून १८७६ पर्यंत "व्हिक्टोरिया क्वीन" आणि १८७७ पासून "व्हिक्टोरिया एम्प्रेस". आधीच्या सनावर एम्प्रेस दिसलं की नाणं बाजूला ठेवा. राणीचे रुपये १९०१ ला संपतात. सातव्या एडवर्डचे १९०३ ते १९१०, आणि त्याच्या डोक्यावर मुकुट नाही. मुकुट मागच्या बाजूला, कमळांच्या वर आहे. पाचवा जॉर्ज १९११ पासून, मुकुटासह. सहावा जॉर्ज १९३८ पासून.

१९११ च्या रुपयाची कथा मला फार आवडते, आणि ती पारखीच्याही कामाची आहे. जॉर्जच्या अंगरख्यावर एक लहानसा हत्ती आहे. पहिल्या वर्षी त्याची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, बरीच नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ पासून सोंड-कान नीट केलेला हत्ती आला. तेव्हा १९११ च्या नाण्यावर डौलदार हत्ती असेल तर सन बदललेला असू शकतो. भिंगाखाली खात्रीच्या नाण्याचा हत्ती आणि हा हत्ती शेजारी ठेवून बघा.

राम दरबार किंवा हनुमान आणि त्याखाली "ईस्ट इंडिया कंपनी १८१८" असं लिहिलेलं जे विकतात, ते नाणंच नाही. कंपनीने राम दरबाराचा रुपया कधीही पाडलेला नाही. १८३५ पूर्वी कंपनीचे सुरती वगैरे रुपये मुघल बादशहाच्या नावाने, फारसी अक्षरांत निघत. देवाचं चित्र म्हणून कुणाला देव्हाऱ्यात ठेवायचं तर जरूर ठेवावं, पण जुनं नाणं म्हणून त्याचे हजारो रुपये देऊ नयेत.

## ३. वजन आणि व्यास

अस्सल रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. व्यास साधारण ३०.५ मिलिमीटर. १९३९ पर्यंतच्या रुपयात बाराव्या हिश्शाइतकं तांबं, बाकी चांदी, म्हणजे ९१.६७ टक्के.

इथे पहिला सापळा आहे. आजच्या सराफाचा तोळा दहा ग्रॅमचा. "एक तोळा भरलं, बरोबर आहे" असं कुणी म्हणालं तर काट्यावर आकडा किती हे स्वतः वाचा. दहा ग्रॅम भरलेला रुपया खोटाच.

वापरून झिजलेलं नाणं थोडं कमी भरतं. १९०६ च्या नाणे कायद्यात दोन टक्क्यांपर्यंत झीज चलनासाठी मान्य होती, म्हणजे साधारण ११.४३ पर्यंत. फार गुळगुळीत झालेला रुपया याहूनही खाली जाऊ शकतो. पण राणीच्या केसांची बट न् बट दिसते आहे आणि वजन ११.१ आहे, असं होऊ शकत नाही. झीज डोळ्यांना दिसली पाहिजे, तरच ती काट्यावर मान्य. ११.७५ च्या वर भरलं तर तेही संशयास्पद, कारण झिजून कुणी वाढत नाही. अपवाद एकच: माळेत किंवा हारात ओवण्यासाठी कडी झाळलेली असेल आणि ती तोडल्यावर झाळाचा थेंब कडेला राहिला असेल.

मराठवाड्यातल्या वाचकांसाठी खास. तुमच्या घरात निजामाचा हाली सिक्का, चारमिनार छाप रुपया निघण्याची दाट शक्यता आहे. त्याचं वजनच ११.१८ ग्रॅम आणि दुसऱ्या महायुद्धाआधीच्या रुपयात चांदी साधारण ८२ टक्के. सराफाने आजीच्या नाण्यांतून खोटा म्हणून काढलेला एक हाच होता. तो कलदाराच्या मापाने मोजला की हलका आणि कमी कसाचा ठरणारच. त्याचं माप वेगळं आहे, एवढंच. गोव्यातल्या पोर्तुगीज रुपियाचं माप मात्र इंग्रजी रुपयाला जुळवून ठेवलेलं होतं, तोही ११.६६ चाच.

## ४. कड बघा

नाणं उभं धरा आणि कडेवर नजर फिरवा. अस्सल रुपयाला कडेला उभे, सारख्या अंतरावरचे, धारदार दाते असतात. ओतीव खोट्या नाण्यात साच्याचे दोन अर्धे जिथे जुळतात तिथे एक बारीक रेघ राहते, मग ती लपवायला कानस फिरवलेली असते. दाते कुठे दाट, कुठे विरळ, कुठे तिरके झालेले दिसतात. आवाजात, वजनात हुशारी करणारे कडेच्या बाबतीत हमखास आळस करतात. मी आता कोणतंही नाणं आधी कडेवरूनच बघते.

पण १९४० ते १९४५ च्या रुपयाच्या कडेला दात्यांच्या मधोमध एक खाच गोल फिरते. ती जोड नाही! महायुद्धात चांदी वाचवायला सरकारने रुपयात पन्नास टक्केच चांदी ठेवली, बाकी ४० टक्के तांबं, पाच निकेल, पाच जस्त. आणि नक्कल होऊ नये म्हणून ही सुरक्षा कड आणली. वजन तेच ११.६६ ठेवलं. सराफाने काढलेली उरलेली दोन नाणी १९४२ आणि १९४४ ची होती. त्याच्या यंत्राने पन्नास टक्के दाखवलं आणि त्याने खोटी ठरवली. पन्नास टक्केच असायला हवी होती.

## ५. भिंगाखाली

उन्हात बसा. ट्यूबलाइटच्या उजेडात काही कळत नाही. नाणं तिरकं धरून हळूहळू फिरवत बघा.

यंत्राच्या दाबाने पाडलेल्या नाण्याचा मोकळा भाग सपाट आणि ताणल्यासारखा असतो, अक्षरांच्या भिंती उभ्या असतात. ओतलेल्या नाण्यावर रव्यासारखे दाणे आणि सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसतात. ते हनुवटीखाली, अक्षरांच्या पायाशी, जिथे झीज पोहोचत नाही अशा जागी शोधा. अक्षरं साबणाच्या वडीवरच्या नावासारखी, कडा विरघळलेली. राणीच्या गळ्यातला हार आणि पोशाखावरचं भरतकाम ही तपासायची उत्तम जागा. खऱ्या नाण्यात झिजलं तरी मण्यांचा एकेक ठसा सुटा असतो, खोट्यात ते एकमेकांत मिसळून दोरी झालेली असते.

एक सवय लावून घ्या. विक्रेत्याकडे एकाच सनाची चार-पाच नाणी असतील तर सगळी मागून बघा. सगळ्यांवर नेमक्या त्याच जागी तोच ओरखडा असेल, तर ती एकाच खोट्या साच्याची भावंडं आहेत.

## ६. आवाज आणि चुंबक

नाणं बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलकेच टकटक करा. चांदीचा रुपया बारीक, लांबत जाणारा नाद देतो. शिशाचा किंवा ओतीव नाण्याचा आवाज बद्द येतो. फरशीवर टाकून वाजवू नका, कडेला चेप पडते. आवाज बद्द आला तरी लगेच निकाल देऊ नका, कारण कडी झाळलेलं किंवा आत भेग गेलेलं अस्सल नाणंही बद्द वाजतं.

चुंबकाला चांदीचा रुपया चिकटता कामा नये. चिकटला तर आत लोखंड किंवा निकेल. मात्र १९४७ चा, मागे वाघ असलेला रुपया अस्सल असूनही चिकटतो, कारण तो निकेलचाच आहे. तो चांदीचा म्हणून विकणारे भेटतात. उलट, न चिकटणं हा चांदीचा पुरावा नाही. तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर (नावातच चांदी, असतं तांबं-निकेल-जस्ताचं मिश्रण), शिसं यांतलं काहीच चिकटत नाही. बर्फ ठेवून तो लगेच वितळतो का बघायची युक्तीही अशीच लंगडी, तांब्यावरही बर्फ पटकन वितळतो.

## ७. पाण्यातलं वजन

घरच्या घरी धातू ओळखायची माझ्या मते ही सर्वांत भरवशाची रीत. दहा मिनिटांचं काम आहे.

१. कोरडं नाणं तोला, आकडा लिहून ठेवा.
२. पेल्यात पाणी घ्या, पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा.
३. नाण्याला दोऱ्याचा फास लावून ते पाण्यात पूर्ण बुडेल असं अधांतरी धरा. तळाला किंवा काचेला टेकता कामा नये. हात थरथरत असेल तर दोरा वर आडव्या पट्टीला बांधा.
४. नाण्याला बुडबुडे चिकटले असतील तर हलकेच झटका.
५. काट्यावरचा आकडा वाचा. कोरड्या वजनाला या आकड्याने भागा.

९१.६७ टक्क्यांच्या रुपयाला भागाकार १०.३ च्या आसपास येतो. ११.६६ ग्रॅमचं नाणं असेल तर बुडवल्यावर काटा १.१३ दाखवील. युद्धकाळातल्या पन्नास टक्क्यांच्या रुपयाला १.२२ येतं, भागाकार ९.५. जर्मन सिल्व्हरवर चांदीचा मुलामा असेल तर आकडा १.३५ च्या घरात जातो आणि भागाकार ८.६ च्या जवळ. फरक एवढा स्पष्ट आहे की शंका राहत नाही. मी प्रत्येक नाण्याला तीनदा बुडवून मधला आकडा धरते.

## ८. यंत्राची तपासणी

हॉलमार्किंग केंद्रात किंवा मोठ्या सराफाकडे एक्सआरएफ यंत्र असतं. नाण्याला धक्का न लावता ते धातूचं प्रमाण सांगतं. पण त्याची नजर फक्त वरच्या अगदी पातळ थरापर्यंत जाते. जाड मुलामा असेल तर ते मुलाम्याचाच कस सांगेल. म्हणून दोन्ही बाजूंना दोन-तीन ठिकाणी, शक्यतो उंच झिजलेल्या जागी तपासायला सांगा आणि सातवी पायरी झाल्यावरच जा. अहवालात ९९९ आलं तर आनंदू नका. जुना रुपया इतका शुद्ध नसतोच. ते दिवाळीत लक्ष्मीपूजनासाठी राणीच्या चित्राचे नवे रुपये मिळतात, त्यांतलं असणार. चांदी उत्तम, पूजेला योग्य, पण ती नक्कल आहे.

## ९. सगळं जुळलं, तरी आकडा बघा

आता बाजारातून आणलेल्या माझ्या नाण्याकडे येते. सहावा जॉर्ज, सन १९३९. वजन ११.६४, पाण्यात १.१३, दाते सुंदर, नाद स्वच्छ. १९३९ चा रुपया फार दुर्मिळ, कारण तो चलनात जवळपास आलाच नाही. विकणारा म्हणाला, "घरातलं आहे, मला त्यातलं कळत नाही." मी साध्या नाण्याच्या अनेक पट पैसे देऊन घेतलं.

बऱ्याच दिवसांनी सकाळच्या उन्हात भिंगाखाली शेवटचा आकडा बघितला. नऊच्या खालच्या पोकळीत, डाव्या बाजूला, नाण्याचा पृष्ठभाग तासल्यासारखा होता, पाटीवरचं अक्षर पुसल्यावर राहते तशी पुसट खूण. आठाच्या खालच्या वेलांटीचा एक तुकडा कोरून काढला की नऊ होतो. नाणं १९३८ चं, टांकसाळीतून निघालेलं अस्सल होतं. खोटा फक्त तो अर्धा मिलिमीटर. काट्याने, पाण्याने, यंत्राने हे कधीच सापडलं नसतं.

म्हणून नाणं महाग असेल आणि ते महाग असण्याचं कारण सन, ठिपका किंवा टांकसाळीची खूण असेल, तर तपासणी तिथूनच सुरू करा. त्या आकड्याभोवतालची जमीन शेजारच्या आकड्यांभोवती आहे तशीच आहे का? आकड्याची उंची बाकीच्यांइतकीच आहे का? ठिपका नाण्याच्या अंगातून वर आलेला आहे की वरून चिकटवलाय?

## १०. व्यवहार करताना

घेताना पावती मागा. तिच्यावर राजा, सन, वजन आणि "अस्सल नसल्यास परत" एवढं लिहून घ्या. जो हे लिहून देत नाही त्याच्याकडून महाग नाणं घेऊ नका. घरच्या नाण्यांची एक वही करा: दोन्ही बाजूंचे फोटो, कोरडं वजन, पाण्यातलं वजन, यंत्राचा अहवाल असेल तर तो, आणि नाणं कुणाकडून आलं. भाऊबंदकीत वाटणी होताना या वहीचा फार उपयोग होतो.

"तुमच्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी नोंदणी फी भरा" असा फोन आला तर लगेच ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावानेही असे पैसे उकळतात. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की ती अशा व्यवहारात नाही आणि कुणालाही तसा अधिकार दिलेला नाही. "तांदूळ ओढणारं नाणं", म्हणजे राईस पुलर, हीदेखील निव्वळ फसवणूक आहे.

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशात राहणाऱ्या मुलांना आजीची आठवण म्हणून राणी छाप रुपया सामानात घालून देणारे कितीतरी आईवडील मला माहीत आहेत. तसं करू नका, विमानतळावर अडचण होते. आणि वाडा पाडताना किंवा शेत नांगरताना नाण्यांचा हंडा लागला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तो घरच्या पुरचुंडीसारखा वाटून घेता येत नाही.

डोळा तयार करायचा असेल तर मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे आणि नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. आपला खात्रीचा रुपया खिशात घेऊन जा. काचेतल्या नाण्यातला राणीचा हार आणि अक्षरांच्या कडा बघायच्या, मग खिशातलं नाणं बघायचं, पुन्हा काचेतलं. दोन-तीन फेऱ्या झाल्या की बाजारात पथारीवर पसरलेल्या नाण्यांतून ओतीव नाणं लांबूनच ओळखू यायला लागतं.